टेटर कोणाच्या गाडीत?

व्हर्लिन स्टकीला भोचक म्हटलं तर तिला राग यायचा नाही. "मग काय मुकी होऊ?" असं वर तीच विचारायची. मेस्किट बेंड या आमच्या आरव्ही पार्कात, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या तळावर, ती जागेच्या भाड्याऐवजी काम करायची. न्हाणीघरं धुवायची, नव्यानं आलेल्यांना त्यांची जागा दाखवायची, वीज-पाण्याची जोडणी करून द्यायची आणि उरलेला सगळा वेळ लोकांच्या खिडक्यांकडे बघायची. कोणाचा पडदा आज उशिरा उघडला, कोणाच्या दारापुढे काल दोन खुर्च्या होत्या आणि आज एकच का, हे तिला न विचारता ठाऊक असायचं. कॅन्ससात तिनं जन्मभर शाळेची बस चालवली होती. पुढे बघत मागच्या पोरांची भांडणं टिपायची सवय तिथलीच.

नवरा, अर्ल, गेल्यावर घर विकून तिनं राहायचा ट्रेलर घेतला आणि हिवाळ्यापुरती म्हणून अ‍ॅरिझोनाला आली, ती आलीच. अर्लच्या पाठोपाठ म्हातारी कुत्रीही गेली होती. "आता कुत्रा नको. पुरे झालं रडणं," असं ती सगळ्यांना सांगायची. पण पार्कातल्या एकूण एक कुत्र्याला तिच्या ट्रेलरची पायरी माहीत होती. सकाळी तिच्याकडे बेकन तळायला लागलं, की शेजारच्या क्विस्टांचा टेटर पहिला हजर. टेटर म्हणजे बटाटा, आणि होताही तसाच. गोल, मातकट, पाय कुठून सुरू होतात ते कळू नये असा.

लॉइड आणि आर्डिस क्विस्ट नॉर्थ डकोटाचे. शेत पोराच्या हवाली करून मोटारहोम घेऊन फिरायला लागलेले. व्हर्लिनला ही जोडी फार आवडायची. मधे फक्त एक पत्र्याची भिंत आणि एक झुडूप, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ त्यांचे आवाज ऐकू यायचे. शब्द नाही कळायचे, पण बोलणं अखंड. "इतकी वर्षं झाली लग्नाला, तरी यांचं बोलणं सरत नाही," असं ती न्हाणीघरात फरशी पुसताना भेटेल त्याला सांगायची. सांगताना तिला थोडा हेवाही वाटायचा, आणि तेही ती सांगून टाकायची.

आमच्या पार्कात एक रीत आहे. निघणाऱ्यानं आपली गाडी आपण तपासायची नाही. नवरा-बायकोनं तर मुळीच नाही. ती म्हणते पायरी तू वर घेतलीस, तो म्हणतो तुला सांगितलं होतं, आणि पायरी जाते फाटकाला धडकून. म्हणून तिसऱ्याच माणसानं गाडीभोवती फेरी मारायची. पायरी वर, अँटेना खाली, सांडपाण्याची नळी सुटलेली, जॅक उचललेले. शेवटी मोठ्यानं विचारायचं, "माणसं-जनावरं सगळी आत?" आणि 'हो' आलं की गाडीच्या पाठीवर थाप मारायची. मार्च संपत आला आणि हिवाळ्यापुरते आलेले लोक परतायला लागले, की व्हर्लिनचे तळहात या थापांनी लाल व्हायचे.

क्विस्ट मात्र त्या दिवशी फेरी न मारून घेताच निघून गेले. व्हर्लिन न्हाणीघरातून बादली घेऊन परतली तर शेजारची जागा मोकळी. समोर राहणारा बर्ल हॉज खुर्चीतून म्हणाला, "गेले. हातसुद्धा नीट हलवला नाही."

"न सांगता? न फेरी मारता? असं कसं जातील?" म्हणत ती ट्रेलरकडे वळली, तर पायरीवर टेटर बसलेला, बेकनची वाट बघत.

आधी तिला हसूच फुटलं. क्विस्ट नेहमी दोन गाड्यांनी निघायचे. पुढे मोटारहोममध्ये लॉइड, मागे छोट्या लाल गाडीत आर्डिस. त्याला वाटतं कुत्रा तिच्याकडे, तिला वाटतं त्याच्याकडे. आमच्यात हे नवीन नाही. एकानं तर पेट्रोल पंपावर बायको विसरून पुढचं राज्य गाठलं होतं.

तिनं आर्डिसला फोन लावला.

"काही विसरलीस का गं?"

"इस्त्री?"

"चार पायांचं, आणि माझं बेकन खाणारं."

"टेटर? छे! मी स्वतः त्याला लॉइडच्या शेजारच्या सीटवर बसवून, दार उघडं ठेवून आले. लॉइड तेव्हा मागच्या बाजूला नळी काढत होता."

"मग त्या उघड्या दारातून साहेब इकडे नाश्त्याला आले. लॉइडला थांबव आणि फिरा माघारी."

आर्डिसनं गाडी कडेला घेतल्याचा आवाज आला.

"लॉइड माझ्या पुढे नाहीये, व्हर्लिन. तो हमरस्त्याला लागून पश्चिमेला गेला, भावाकडे ओरेगनला. मी नेब्रास्काला चाललेय, बहिणीकडे."

"किती दिवस?"

"दिवस नाहीत गं मोजायचे. आम्ही वेगळे झालो."

व्हर्लिनच्या हातातली बादली खाली आली. एवढं शेजारी घडलं आणि आपल्याला वासही लागू नये! कोणी काय केलं, कधीपासून, कोणी दुसरी आहे का, असे दहा प्रश्न जिभेवर आले. पण तिनं विचारलं भलतंच. "मग टेटरला त्याच्याकडे का दिलास? तुझा तर जीव आहे त्याच्यावर."

"म्हणूनच," आर्डिस म्हणाली. "लॉइड एकटा पडेल. संध्याकाळी बोलणार कोणाशी? निरोप घेतला असता तर माझ्यानं सोडवलं नसतं, म्हणून मागे वळून न बघता निघाले."

फोन ठेवून व्हर्लिननं लगेच लॉइडला लावला. टेटर इथे आहे हे ऐकल्यावर तो ओरडलाच, "इथे म्हणजे? तो आर्डिसबरोबर आहे! त्याचं खाणं, त्याची गोधडी, सगळं मी गुपचूप तिच्या डिकीत ठेवलंय. तिचे पाय गार पडतात, तो पायथ्याशी नसला तर तिला झोप लागत नाही."

आता सांगा! वेगळे होणारे लोक कुत्र्यावरून कोर्टात जातात. या दोघांनी तो एकमेकांना देऊन टाकला आणि तो राहिला तिसऱ्याच्याच पायरीवर. एवढी माया असताना ही माणसं वेगळी कशाला होतायत? व्हर्लिनला हे कळल्याशिवाय घास गिळवणार नव्हता. आणि ही दोघं आत्ता आपापल्या रस्त्यानं लांब गेली तर पुन्हा एकत्र येणार नाहीत, हेही तिला स्वच्छ दिसत होतं.

तिनं लॉइडला सांगितलं, "आर्डिस फोन उचलत नाही, तूच ये." मग आर्डिसला फिरून फोन केला. "लॉइडला ते धूड घाटात वळवता येत नाही, तूच ये."

"धडधडीत खोटं बोललीस," बर्ल म्हणाला.

"दोनदा बोलले. उणे उणे अधिक होतं."

"हात पोळतील बघ."

"पोळू देत. बेकन तळणाऱ्या बाईला चटक्याचं काय सांगतोस?"

दुपारी लाल गाडी आली. आर्डिस उतरली तसा टेटर तिच्याभोवती असा गरगरला, की तीच पडायची. तिचे डोळे पुसून होतात न होतात तोच फाटकातून मोटारहोम आत वळलं. आर्डिसनं व्हर्लिनकडे पाहिलं. व्हर्लिननं आभाळाकडे.

लॉइड उतरला. व्हर्लिनच्या दारापुढच्या बाकाच्या एका बाजूला तो उभा, दुसऱ्या बाजूला ती, मधे टेटर. मग लॉइडनं खाली बघून सुरुवात केली.

"टेटर, तुझ्या आईला विचार, कुत्र्याला उघड्या दारात सोडून कोणी जातं का?"

"टेटर, तुझ्या बाबाला सांग, दार लावताना माणसानं आत डोकवावं."

"टेटर, तिला म्हणावं, तुझं खाणं डिकीत आहे हे तिला दिसायला हवं होतं."

"दिसलं, टेटर." आर्डिसनं त्याचे कान कुरवाळले. "फोन आल्यावर डिकी उघडली. गोधडीची घडीसुद्धा घालून ठेवलीय, सांग त्याला."

टेटरची मान इकडून तिकडे, तिकडून इकडे. शेपूट हलतेय, एवढी दोन माणसं एकट्या त्याच्याशी बोलतायत म्हणून. बर्ल खुर्चीत खुसखुसला. व्हर्लिनलाही हसू आलं, आणि तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं. अख्खा हिवाळा भिंतीपलीकडून आलेलं ते बोलणं! कॉफी झाली, पाऊस येतोय, गोळी घेतलीस का. असलंच काहीबाही असणार, आणि ते सगळं टेटरमार्फत. तिला ज्याचा हेवा वाटायचा त्यातला एक शब्दही ही दोघं एकमेकांना उद्देशून बोललेली नव्हती.

"कधीपासून चाललंय हे?" तिनं विचारलं.

दोघांनीही उत्तरासाठी कुत्र्याकडे बघितलं.

व्हर्लिन पुढे झाली, वाकली, टेटरला काखेत मारलं आणि तरातरा आपल्या ट्रेलरमध्ये घेऊन गेली. दारातून ओरडली, "आता बोला काय बोलायचंय ते!" आणि दार लावून आतून कडी घातली.

पुढचं तिनं पडद्याच्या फटीतून पाहिलं. ऐकू यावं म्हणून कूलर बंद केला, काच सरकवली, पण मेला वारा उलटा. बाहेर दोघं नुसती उभी. लॉइडनं टोपी काढली, घातली, परत काढली. आर्डिस बाकावर बसली, परत उठली. निघून जातेय की काय ही? व्हर्लिननं पडद्याची फट आणखी मोठी केली. टेटर दार खरवडत होता. त्याला सोडलं असतं तर दोघांची एका क्षणात सुटका झाली असती.

"गप," ती त्याला म्हणाली. "आज तुला सुट्टी."

उभ्या उभ्या तिच्या मनात आलं, आपण अर्लशी शेवटचं काय बोललो होतो? औषधाची वेळ झाली, एवढंच. त्या आधी? हवेचं, तेलाचं, टीव्हीवरच्या खेळाचं. तिला रडू आलं आणि स्वतःचा भयंकर राग आला. नाक पुसून परत फटीला डोळा लावला, तर बाहेर लॉइड बाकावर बसून बोलत होता. हातवारे करत, अडखळत, पण बोलत होता. मग आर्डिस बोलायला लागली आणि थांबेचना.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल गाडी मोटारहोमच्या मागे जोडलेली होती. आर्डिस पुढच्या सीटवर, लॉइडशेजारी. टेटर मागे पलंगावर, तोंड फुगवून.

"पुढे घेतला की मधे मधे करतो," लॉइड म्हणाला.

गाडीभोवती फेरी मारून झाल्यावर व्हर्लिन आर्डिसच्या खिडकीशी गेली. "मग? वेगळं व्हायचं काय?"

"माहीत नाही अजून. नेब्रास्कापर्यंत बोलत जायचं ठरलंय. जमलं तर बघू, नाही जमलं तर बहीण आहेच."

"आणि काल एवढं काय बोललात गं?"

आर्डिसनं लॉइडकडे पाहिलं. "सांगू का रे हिला?"

"नको," लॉइड तिला म्हणाला.

"ते आमच्या दोघांतलं आहे, व्हर्लिन," आर्डिस म्हणाली. म्हातारी चक्क लाजली.

मोटारहोम फाटकाबाहेर पडून वळणाआड जाईपर्यंत व्हर्लिन तिथेच उभी होती. बर्ल खुर्ची सोडून लगबगीनं आला.

"काय म्हणत होते? काय झालं काल, कळलं का?"

"तुला काय करायचंय?" व्हर्लिन त्याच्यावर खेकसली, आणि डोळे पुसत न्हाणीघराकडे निघून गेली.