उसना आवाज नको

हेमाताई पटवर्धन लग्न होऊन सांगलीहून लखनौला आल्या आणि निशातगंजच्या एका जुन्या सोसायटीत कायमच्या राहिल्या. यजमान बँकेत होते, ते आता नाहीत. हेमाताई शाळेत गणित शिकवायच्या आणि संध्याकाळी घरी शिकवण्या घ्यायच्या. आवाज असा खणखणीत, की खालच्या सब्जीवाल्याशी घासाघीस करायला त्यांना जिना उतरावा लागत नसे.

२००३ साली त्यांना घशाचा कॅन्सर झाला. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हा वरच्या मजल्यावर निरंजन आपटे राहायचे, एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. ते येऊन म्हणाले, "वहिनी, ऑपरेशनला अजून थोडे दिवस आहेत. तोवर बोलून घ्या."

बाहेरचा आवाज अडवायला हेमाताईंच्या बेडरूमच्या खिडक्यांना रजया लावल्या गेल्या. मायक्रोफोनसमोर बसून हेमाताई शब्द बोलत गेल्या. आकडे, अंश, छेद, कंस, घरातले शब्द, बाजारातले शब्द, आधी मराठीत, मग हिंदीत. घसा दुखला की कोमट पाणी प्यायच्या आणि पुन्हा सुरू. आपटेंनी त्यावरून एक प्रोग्राम तयार केला. शब्द टाइप केला, की तो हेमाताईंच्या आवाजात ऐकू यायचा.

ऑपरेशन झालं. शिकवण्या थांबल्या नाहीत. टेबलावर कॉम्प्युटर, दोन स्पीकर, आणि हेमाताईंची बोटं. शब्दाशब्दांमध्ये थोडी फट पडायची. नवी मुलं सुरुवातीला हसायची, मग भागाकार चुकला की त्याच आवाजाला घाबरायची.

परवाच्या मे महिन्यात लाइट गेली, आली, पुन्हा गेली, आणि त्या धक्क्यात कॉम्प्युटर जळाला. आतली डिस्क तेवढी वाचली. मुलगा प्रसन्न गोमतीनगरला एका कंपनीत आहे. त्याने लगेच नवा लॅपटॉप आणला आणि डिस्कवरचं सगळं त्यात उतरवलं. हेमाताईंनी प्रोग्राम उघडायला घेतला, तर स्क्रीनवर सूचना आली, की हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालणार नाही.

मार्केटमधल्या दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उलटसुलट पाहिला. "माताजी, ये बहुत पुराने जमाने का है. नया विंडोज इसको पहचानता ही नहीं. अब भूल जाइए."

आपटे आता पुण्यात असतात. त्यांचा मेसेज आला, की सगळे आवाज त्यांनी स्वतःच्या पद्धतीने एकाच फाइलमध्ये बांधले होते. ते सुटे कसे करायचे हे त्यांनाही आता आठवत नव्हतं. तो प्रोग्राम चालला तरच आवाज बाहेर येणार.

"आई, छोड़ दो ना," प्रसन्न म्हणाला. "फोनवर ॲप आहे, टाइप केलं की मस्त बोलतं. बाईचा आवाज आहे, मराठीसुद्धा आहे."

हेमाताईंनी मुलांच्या पाटीवर लिहिलं, 'ती बाई कोण?'

"कोणी नाही यार, मशीन आहे. बरं, दुसरं सांगू? घरातल्या जुन्या व्हिडिओंवरून एआय तुझा आवाज बनवेल. कुठलंही वाक्य बोलेल."

त्यांनी पाटी पुसली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मी बोललेच नाही ते माझ्या आवाजात नको.'

त्यांच्या या हट्टामागे आणखी एक कारण होतं. सोसायटीत घरगुती शिकवण्या बंद करायचा ठराव येऊ घातला होता. मुलांच्या सायकली, जिन्यातला गोंगाट, लिफ्टची झीज, अशा तक्रारी होत्या. मागच्या मीटिंगला कॉम्प्युटर खाली नेता आला नाही, म्हणून हेमाताईंनी आपलं म्हणणं लिहून दिलं होतं. सेक्रेटरी निगमसाहेबांनी पहिल्या दोन ओळी वाचल्या, "बाकी तो वही बात है" म्हणाले, आणि कागदाची घडी करून खिशात घातली. हेमाताई उभ्या राहिल्या, हात वर केला, पण तोवर पाण्याच्या टाकीचा विषय सुरू झाला होता. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. आता लॅपटॉप होता, खाली नेता येणार होता. मीटिंग पुढच्या रविवारी होती.

आपटेंनीच वाट दाखवली. नव्या कॉम्प्युटरच्या आत एक जुना कॉम्प्युटर उभा करायचा, म्हणजे नव्या विंडोजमध्ये एका खिडकीत जुनं विंडोज चालवायचं आणि प्रोग्राम त्या जुन्यात टाकायचा. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. जुन्या विंडोजची सीडी हेमाताईंनी साड्यांच्या कपाटात जपून ठेवली होती.

सॉफ्टवेअर बसलं. आतलं मशीन सुरू करायला गेल्या, तर लाल खुणेसह सूचना आली. हेमाताईंनी ती शांतपणे वाचली. आत दुसरं मशीन चालवायची ताकद प्रोसेसरमध्ये आहे, पण कंपनीकडून येतानाच ती बंद ठेवलेली आहे. ती बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागेल. बायोस म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीची, कॉम्प्युटरची अगदी मुळातली सेटिंग.

दुरुस्तीवाला फोनवर प्रसन्नला म्हणाला, "भैया, बायोस में हाथ मत लगाना. मशीन बैठ जाएगी, वारंटी भी जाएगी."

"आई, नको. ऐकलंस ना?"

'त्याने कधी उघडलंय का?' हेमाताईंनी लिहिलं.

प्रसन्नने फोनवर तेच विचारलं. पलीकडून उत्तर आलं, "हमको जरूरत ही नहीं पड़ी."

हेमाताईंनी लॅपटॉप बंद केला, चालू केला आणि एफटूचं बटण दाबत राहिल्या. उशीर झाला, विंडोज सुरू झालं. पुन्हा बंद. दुसऱ्यांदा बायोसची निळी स्क्रीन आली. तिथे माउस चालेना. बाणांच्या बटणांनी एकेक पान उलटत त्या कॉन्फिगरेशनपाशी आल्या. खाली व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी, समोर डिसेबल्ड. प्रसन्न मागे उभा राहून नखं कुरतडत होता. त्यांनी एंटर दाबलं, एनेबल्ड निवडलं, एफटेन दाबून सेव्ह केलं. स्क्रीन काळी झाली. प्रसन्न "गेलं" म्हणाला. आणि विंडोज नेहमीसारखं सुरू झालं.

या वेळी आतलं मशीन चालू झालं. जुनं विंडोज बसायला दुपार गेली. प्रोग्राम उघडला तेव्हा आधी शब्दच ऐकू येईनात. आपटेंना विचारून आतल्या मशीनचं साउंड कार्ड बदललं. हेमाताईंनी टाइप केलं, 'प्रसन्न चहा'.

"प्रसन्न. चहा."

प्रसन्न स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

रविवारी सोसायटीच्या तळमजल्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. ठरावाची वेळ आली तसे निगमसाहेब नम्रपणे म्हणाले, "आंटीजी, आप लिखकर दे दीजिए, हम पढ़ देंगे."

आवाज भरताना हेमाताईंनी 'नहीं' तीन प्रकारे बोलून ठेवलं होतं. एक समजुतीचं, एक ठाम आणि एक वर्गाबाहेर काढतानाचं. त्यांनी तिसरं निवडलं.

"नहीं!"

मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. सोसायटीतल्या अर्ध्या लोकांनी हा आवाज कधी ऐकला नव्हता. वीस वर्षांपूर्वीचा, पन्नाशीच्या आतल्या बाईचा, भरदार. तो पांढऱ्या केसांच्या, गळ्याला रुमाल बांधलेल्या हेमाताईंकडून येत होता. शब्दांच्या मधे थांबत त्यांनी सांगितलं, की सायकली गेटबाहेर लागतील, मुलं जिन्याने येतील, आणि लिफ्टची झीज शिकवणीने होते तर वरच्या मजल्यावरच्या ब्यूटी पार्लरने का नाही. पार्लर हा शब्द साठ्यात नव्हता. मशीनने तो एकेक अक्षर करून म्हटला. कुणीतरी हसलं. हेमाताईंनी तो पुन्हा तसाच म्हणायला लावला.

निगमसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "आंटीजी, थोड़ा जल्दी."

"मैं. इतना. ही. तेज. बोलती. हूँ."

ठरावावर मतदान झालंच नाही. पार्लरवाल्या देविकाजी ताडकन उठून भांडायला लागल्या, दोघातिघांनी हेमाताईंची बाजू घेतली, आणि निगमसाहेबांनी विषय पुढे ढकलला. निघताना ते थोडे चिडून म्हणाले, की पुढच्या वेळी हे पुन्हा येईल.

लॅपटॉप अजून उघडाच होता. "मैं. भी. आऊँगी."

सोमवारपासून शिकवण्या पूर्ववत सुरू झाल्या. सायकली गेटबाहेर लागतात. एक जण रोज विसरतो आणि आत आणतो. हेमाताईंनी त्या आतल्या मशीनच्या प्रती काढल्या आहेत. एक प्रसन्नकडे असते, एक पुण्याला आपटेंकडे कुरियरने गेली. लाइट गेली तर जावो, म्हणतात.