सुदर्शनाच्या कांद्याची गोलटी

मला कांदा कळत न्हाई म्हनं! आमचा मेव्हना गावभर हेच सांगत फिरतोय. आरं, तीस वर्सं कांदा पिकवतोय म्या! पन बापू, तुला म्हनून सांगतो, माती खाल्लीच म्या. खरं काय झालं ते ऐक.

आमची पुतनी रेखा सुदर्शनाच्या कांद्यावर मोठं शिक्षन करतीय. कान दुखला की ज्याच्या पानाचा रस पिळतो ना, तेच झाड. त्याचा कांदा कुटायचा, स्पिरिटात भिजवायचा, त्यातलं कडू इख येगळं काढायचं आन् ते कोनचं हाय ते ओळखायचं. गाव बदललं की इख बी बदलतं का, हे तिला बघायचंय. म्हनून उमापूर, नेकनूर, चौसाळा, तीन गावचे कांदे फुलापानासकट आनले. पानांना गावाच्या चिठ्ठ्या बांधल्या, ओसरीत ठेवले आन् मैतरिनीकडं गेली.

म्या बघितलं. असा पाल्यासकट माल कोन पाठवतो बे? बसलो विळा घेऊन! माना कापल्या, मुळ्या उडवल्या, सालं सोलली. मोठा येगळा, मधला येगळा, बारकी गोलटी येगळी. तीन ढीग, लई झ्याक!

रेखा आली. तोंडच पांढरं पडलं तिचं.

"तात्या, पानं कुठंयत?"

"उकिरड्यावर. कावून?"

"चिठ्ठ्या होत्या त्यांना!"

"त्या बी तितंच हायत. हरवल्या न्हाईत!"

"आता उमापूरचा कांदा कोणता?"

"हा मोठा! तिकडची जमीन भारी."

"नेकनूरचा?"

"गोलटी."

"आणि चौसाळ्याचा?"

"उरलेला!"

पोरगी रडायलाच लागली. मला आला राग. म्हनलं, "रडती काय? चाखून सांगतो!" आन् घेतला की मोठ्या कांद्याचा चावा!

काय सांगू! घसा पेटला. दुपारपर्यंत ओकत होतो. बायको पाठ चोळतीय आन् रेखा बादली धरून उभी.

म्हनलं, "बघ, इख हाय एवढं तर ओळखलं ना म्या?"

"तात्या, ते मला पहिल्या वर्षीच माहीत होतं."

उमापूर-नेकनूरचे तिनं परत आनले. चौसाळ्याला सुदर्शनाचं बेट तेवढं एकच सापडलं होतं, ते म्याच सोललं. उद्या सकाळी तिची गाडी हाय. तेवढ्यासाठी तिचं वरीस वाया जाईल.

तुझ्या चौसाळ्याच्या विहिरीवर सुदर्शन हाय ना? ऊठ मंग. कप ठेव खाली. फुलापानासकट तूच उपट आन् तूच तिच्या हातात नेऊन दे. मला हात लावायला बंदी हाय.