किशनरावांचे खिळ्यांचे पुस्तक

काल गंजलेले कुलूप सोडवण्यासाठी रॉकेलची चिंधी हाती घेतली आणि त्या वासासरशी मी लातूरच्या जुन्या छापखान्यात जाऊन उभा राहिलो.

जिल्हा नवा होता आणि पावसाने पाठ फिरवली होती. जुळारी किशनराव छापखान्यातल्या साऱ्या खिळ्यांचे, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांचे, नमुने दाखवणारे पुस्तक करीत होते. लग्नपत्रिकेला कोणते अक्षर शोभते, कोर्टाच्या नोटिशीला कोणते, हे कुणालाही पाहून कळावे, हा त्यांचा ध्यास. एकेक खिळा जुळवून केलेली पाने सुतळीने बांधून फळीवर तयार होती. अडले होते केवळ माझ्या प्रस्तावनेवाचून. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तथापि कचेरीत माझ्या अर्जांच्या भाषेला मान होता.

“अर्जनवीस साहेब, चार ओळी द्या की! ग्रंथ लिवायलाव का काय?”

“किशनराव, विद्वत्तेला घाई चालत नाही.”

महिनाभर मी वाक्ये घासली. तेवढ्यात टँकरच्या सरकारी फॉर्मांचे काम आले, खिळे कमी पडले आणि छापखान्याच्या मालकाने ती पाने मोडून खिळे मोकळे करायला लावले. मी पोहोचलो तेव्हा किशनराव रॉकेलने पुसलेले एकेक अक्षर आपापल्या खणात टाकत होते.

“वाचून दाखवू?” मी विचारले.

“वाचा की.”

मी संपूर्ण प्रस्तावना वाचली. त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

“लई चांगलं झालंय,” ते म्हणाले.

ती दाद समजून मी चहा सांगितला. ते पुस्तक त्यांनी पुन्हा कधीच जुळवले नाही.