उकिरडा उपस

वालचंदनगरच्या एका कारखान्यात मी स्टोअरचा साठा सांभाळतो आणि राहतो बावड्यात. घरामागच्या वीस गुंठ्यांत बायकोची रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, वांगी, हंगामात कलिंगड. बारामतीच्या एका प्रशिक्षण केंद्राला रोपवाटिका शिकवण्यासाठी बाई हवी होती. त्यांनी हिला बोलावलं होतं, वर्षभराचं काम फोटोंसह दाखवा म्हणून. ते काम मिळावं असं तिला किती वाटत होतं, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच पुढचं लिहिताना हात अडतो.

आमचा संगणक फुकट मिळणाऱ्या एका प्रणालीवर चालतो. तिच्या मेन्यूतले शब्द वेगळ्या फाईलींमध्ये असतात. फाईल उघडायची, शब्द बदलायचा, फाईल पुन्हा जागेवर बसवायची, की पडद्यावर आपला शब्द दिसतो. आधीची मराठी हिला जड जायची. ‘पुनर्स्थापित करा’ वाचून ती म्हणाली, ‘‘अहो, ह्यो देव बसवायचा हाय का काय?’’

मला चेवच आला. ‘शोधा’चं मी ‘हुडक’ केलं, ‘रद्द करा’चं ‘ऱ्हाऊ दे’. संगणक बंद करायचा तर ‘निजव’. कचरापेटीचा उकिरडा केला. पुसून टाकण्याच्या जागी ‘उकिरड्यावर टाक’, तिथून परत आणायला ‘माघारी घे’ आणि पेटी रिकामी करायला ‘उकिरडा उपस’.

पेटी रिकामी करण्याआधी संगणक एकदा विचारतो. मूळ वाक्य असं होतं की यातल्या सगळ्या वस्तू कायमच्या नष्ट होतील, पुढे जायचं का. ते दोन ओळींत जायचं आणि चौकट बेढब दिसायची. मी ते कापून ‘उपसायचा का?’ एवढंच ठेवलं. खाली ‘व्हय’ आणि ‘न्हाय’.

येईल त्याला मी हे दाखवत होतो. शेजारचे तात्या काठी टेकून पडद्यासमोर बसले आणि पोट धरून हसले.

‘‘निजवलं, उकिरडा झाला. आता ह्याला वैरण कधी घालायची?’’

‘‘तेवढं राहिलंय, तात्या.’’

‘‘न्हाय, तुझा भरवसा न्हाय म्हणून इचारलं.’’

बायको चहा घेऊन उभी होती, तीही हसली. तिच्यासाठी एवढा खटाटोप केला म्हणून तिला बरंच वाटलं असावं.

ती रोज वाफ्यांचे आणि रोपांच्या ट्रेंचे फोटो काढून संगणकावर टाकायची. बी उगवताना, दोन पानांवर, मर रोग लागून माना टाकलेली रोपं, औषध दिल्यानंतरची रोपं. फोनमध्ये जागा उरत नाही म्हणून तिथले पुसायला मीच सांगितलं होतं. पडदा फोटोंनी भरला तेव्हाही मीच करवादलो, ‘‘किती हा पसारा! आज लागत नाही ते उकिरड्यावर टाक.’’ माझ्या मनात अंधुक, हललेले फोटो होते. पण मी म्हणालो ते ‘आज लागत नाही ते’. तिनं तसंच केलं. मधे एकदा एक फोटो माघारी घेऊन पाहिला, तो जसाच्या तसा आला. तिची खात्री पटली.

बारामतीला जायच्या आदल्या दिवशी मी कामावरून आलो तेव्हा ती संगणकापुढे बसलेली होती.

‘‘अहो, उपसलेलं कुठं जाऊन पडतं?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘उद्यासाठी फोटू एकेक माघारी घ्यायला लई येळ लागत हुता. म्हणून समदा एकदम उपसला. आता रानात कुठं टाकलाय त्यानं, ते घावंना.’’

मी उकिरडा उघडून पाहिला, आत काहीच नव्हतं. तिला काय समजावणार? आमच्याकडे वर्षभर शेण, पालापाचोळा उकिरड्यावर पडतो तो फेकून द्यायचा म्हणून नव्हे. उन्हाळ्यात ट्रॉली लावून उकिरडा उपसायचा आणि खत रानात पांगवायचं. ज्याचा उकिरडा मोठा, त्याचं रान चांगलं. मीही लहानपणापासून पाट्या भरल्या आहेत. शब्द निवडताना मला तो फक्त घाण टाकायची जागा म्हणून आठवला, आणि ती तर रोज तिथं पाटी टाकत होती.

‘‘ते गेलं,’’ मी म्हणालो. ‘‘उपसलं की संपतं.’’

तिनं पडद्यावरच्या ‘उपस’वर बोट ठेवलं.

‘‘मग तितं ‘जाळ’ असं लिव्हायचं हुतं की.’’

ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. गेलेले फोटो परत आणणारा एक प्रोग्रॅम मी लावून पाहिला. तीनशेच्या वर फोटोंपैकी अकरा आले, तेही खालून अर्धे करडे. मर लागलेल्या रोपांचा एकही नाही, आणि तो हंगाम तर निघून गेला होता.

बारामतीला मी तिच्याबरोबर गेलो. समोर तिघं बसलेले. तिनं मिरचीचा एक ट्रे नेला होता, त्यावर ती चांगलं बोलली. मग त्यांच्यातल्या बाईंनी विचारलं, ‘‘रोगाचे फोटो आणणार होतात ना?’’

‘‘हुते, मॅडम. माझ्या हातनं चुकून पुसलं गेलं.’’

मी मागच्या खुर्चीवर होतो. उठून म्हणायला हवं होतं, की चूक माझी आहे, धोक्याचं वाक्य मी कापलं. घरातलं तिथं कशाला काढायचं, असं मी मनाशी म्हणालो आणि बसून राहिलो. मॅडमनी मान हलवून कागदावर काहीतरी लिहिलं. येताना गाडीत ती ट्रे मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होती. आठवड्यानं केंद्रातून फोन आला. दुसऱ्या बाईंना घेतलं होतं.

त्या संध्याकाळी मी सगळे शब्द पूर्वीसारखे करायला बसलो. ती मागे येऊन उभी राहिली.

‘‘ते ‘हुडक’ ऱ्हाऊ द्या. ‘निजव’ पण. त्या एकाचंच बघा.’’

‘‘काय लिहू?’’

तिनं सांगितलं, मी टाइप केलं. ‘हे जळून जाईल, परत मिळायचं न्हाय. जाळू का?’

चौकटीत ते दोन ओळींत बसतं.