उत्तरेस शाळा

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आणि आजही आहे असे मी लिहून देणार नाही. माझे शिक्षण आठवीपर्यंत. परंतु तहसील कचेरीच्या फाटकाशी सव्वीस वर्षे अर्ज लिहिले. चतुःसीमा — जागेच्या चारी दिशांना काय आहे ते — स्वतः पायी पाहिल्यावाचून कधी लिहिली नाही. तलाठीसुद्धा माझा कागद प्रमाण मानीत.

गेल्या सप्टेंबरात माझ्या विधवा थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे, गेलो होतो. अमेरिकेत, इलिनॉयमधील एका ग्रामीण काउंटीत. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच. पश्चिमेस नदी, बाकी सपाट मका, मैला-मैलावर काटकोनात छेदणारे रस्ते. आक्काच्या दारचा खडीचा रस्ता काउंटी बंद करणार होती. मग हिवाळ्यात बर्फ काढणारी गाडी येणार नाही, आणि एकट्या आक्काला घर सोडावे लागणार.

"नाना, अर्ज तू लिही," ती म्हणाली. "संजय इंग्लिश करेल." संजय तिचा मुलगा, तिकडेच शॉमबर्ग नावाच्या शहरात असतो.

भर दुपारी रस्ता पायी पाहिला. घराच्या पूर्वेस ओढा, दक्षिणेस धान्याचे उंच कोठार, पश्चिमेस चर्च. उत्तरेस पांढरी लाकडी शाळा... आत मुलांचा गलका. दारातल्या बाईंनी हात केला, मी नमस्कार केला. अर्जाचा सारा भार मी त्या शाळेवरच ठेवला: रस्ता बंद झाल्यास लेकरांनी जावे कोठून? संजयने फोनवरून मजकूर घेतला आणि मामाने पाहूनच लिहिले असेल म्हणून इंग्रजी करून तसाच पाठविला.

सुनावणीत कारकून बाईंनी विचारले, "कोणती शाळा?"

संजय माझ्या कानाशी लागला. "मामा, तिथे स्कूल कुठाय? नुसता कॉर्न आहे!"

बाईंनी जुना नकाशा काढला. शाळा होती... नेमकी तेथेच. आक्का या देशात येण्याच्या कितीतरी आधी जळून गेलेली. खोटे विधान म्हणून अर्ज फेटाळला गेला. रस्ता बंद झाला.

परतताना शाळेच्या जागेशी मी गाडी थांबवायला लावली. डोक्याहून उंच मका, दुसरे काही नाही.

"तालुक्यात तुझा शब्द चालायचा रे," आक्का एवढेच म्हणाली. "इथे मका तरी बघायचास."

"आक्का, मी पाहूनच लिहिले."

तिने संजयला गाडी पुढे घ्यायला सांगितले.

आता घर विकायचे आहे. विक्रीचा कागद तिला नीट कळावा म्हणून मराठी मसुदा मीच करतो आहे. तीन दिशा लिहून झाल्या. उत्तरेची ओळ महिनाभर कोरी आहे... मका लिहिला तर मी पाहिलेली शाळा खोटी ठरेल, आणि शाळा लिहिली तर कागद खोटा ठरेल.