डिशवॉशरमध्ये उतरलेलं विमान

अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलर गावी आमच्या घरात एक छोटंसं हवाई दल आहे आणि त्यातलं एकही विमान अगदी अलीकडेपर्यंत खोक्याबाहेर पडलेलं नव्हतं.

हे हवाई दल माझं आहे. (नवऱ्याचं असतं तर कुणाला काही वाटलं नसतं. माझं आहे म्हटल्यावर लोक आधी नवऱ्याकडे सहानुभूतीने बघतात.) मी विमानांच्या प्लास्टिक किट्सचं मूल्यमापन करते. म्हणजे किट आलं की खोकं उघडायचं, एकेक भाग कॅलिपरने मोजायचा, खऱ्या विमानाच्या नकाशाशी ताडून बघायचा आणि मग इथल्या मॉडेल क्लबच्या वेबसाइटवर लिहायचं, की नाक जरा बोथट आहे, पंखाची मागची कड जाड आहे, बाकी किट बरं आहे. मग खोकं बंद करून परत कपाटात. जोडायचं वगैरे काही नाही. दिवसभर चिपच्या कारखान्यात डोळ्यांना न दिसणारे दोष शोधण्याचा मला पगार मिळतो, आणि संध्याकाळी घरी येऊन तेच काम मी फुकट करते. मंदार, म्हणजे माझा नवरा, पाहुण्यांना कपाट दाखवताना सांगतो, "ही हिची विमानं. सगळी ग्राउंडेड आहेत."

तर असं सगळं सुखात चाललं असताना गुढीपाडव्यानंतर सासू-सासरे नाशिकहून सहा महिन्यांसाठी आले.

बाबा, म्हणजे माझे सासरे, तरुणपणी हवाई दलात फिटर होते. विमानं उडवणं हे पायलटचं काम आणि ती उडण्याजोगी ठेवणं हे यांचं. एका सकाळी जास्तीची चादर शोधायला म्हणून त्यांनी माझं कपाट उघडलं आणि बराच वेळ बाहेरच येईनात. मी जाऊन बघते तर हातात नॅटचं खोकं घेऊन उभे. नॅट म्हणजे आपल्या हवाई दलाचं जुनं, अगदी चिमुकलं लढाऊ विमान. पायलट त्यात बसायचा नाही, ते अंगात घालायचा, असं बाबा नेहमी सांगायचे.

"हे माझं विमान," ते म्हणाले. मग खोक्याकडेच बघत म्हणाले, "वैशाली, आम्ही जायच्या आत जोडशील का गं? बरोबर नेईन म्हणतो. आमची जुनी मंडळी जमतात ना महिन्याला, त्यांना दाखवीन."

आता बाबा कधी कुणाकडे काही मागत नाहीत. भाजी आवडली नाही तर गुपचूप जास्त खातात, म्हणजे लवकर संपते. या माणसाने लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं. मला भरूनच आलं. मी ताबडतोब हो म्हटलं आणि ताबडतोब कॅलिपर काढला.

तिथेच सगळा घोटाळा झाला. दुसरं कुणाचं विमान असतं तर नाकाचा बोथटपणा मी पोटात घातला असता, पण बाबांचं विमान चुकीचं कसं जोडणार? किटमधली पायलटची खुर्ची तर निव्वळ पाट होता. मी रेझिनची वेगळी खुर्ची मागवली. (किटमधले भाग पसंत पडले नाहीत की त्याहून चांगले सुटे भाग वरून विकत मिळतात. या व्यसनाला अंत नाही.) मग पायलटला खुर्चीला बांधायचे पट्टे आले, कागदाइतक्या पातळ पितळी पत्र्यातून कोरलेले. मग चाकं आली. खुर्ची आली ती मोजल्यावर याहून मोठ्या मापाच्या मॉडेलची निघाली. ती परत करायच्या ऐवजी मी तिचं सविस्तर परीक्षण लिहिलं, त्यात एक रविवार गेला.

बाबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन माझ्या टेबलापाशी येत आणि विचारत, काय, आज पास झालं का? मी म्हणे, बाबा, अजून शेपटीचा कोन बघायचाय. मी त्यांना विचारत असे की इथल्या झाकणाला रिव्हेट किती होते, इथला रंग हिरवट होता की निळसर. बाबा फार विचार करून सांगत, "रंगाचं काही आठवत नाही बुवा. खाली बादली ठेवायचो ते आठवतं. तेल गळायचं."

क्लबच्या नकाशात बादली नव्हती. मी आणखी दोन पुस्तकं मागवली.

एकदा शेपटीवरून माझं फारच चाललं तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले, "आम्ही एवढं तपासत बसलो असतो ना, तर युद्ध आमच्याशिवायच संपलं असतं." मंदार इतका हसला की त्याला ठसका लागला. मी मात्र रागावून शेपूट पुन्हा एकदा मोजली.

असं करता करता उन्हाळा संपत आला, त्यांच्या बॅगा कपाटावरून खाली आल्या, आईंनी बदाम-अक्रोडाची पाकिटं जमवायला सुरुवात केली आणि माझे डोळे उघडले. जायला एक आठवडा उरला होता. बाबांनी विचारायचं बंद केलं होतं, आणि ते मला विचारण्यापेक्षा जास्त लागलं. बस, मनाशी म्हटलं, नाक बोथट तर बोथट. सोमवारी सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा एक किट खऱ्या अर्थाने सुरू केलं.

पहिली पायरी म्हणजे सगळे भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुणं, नाहीतर त्यांवर रंग धरत नाही. ते मी धुतले. आता वाळवायचे कुठे? ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात गॅरेजमध्ये ठेवावेत तर विमान संध्याकाळपर्यंत वितळायचं. प्लास्टिकला उष्णता लागू नये याची मी फार काळजी घेते. म्हणून मी पूर्ण विचारांती ते सगळे भाग, ज्या प्लास्टिकच्या चौकटींना ते जोडलेले येतात त्यांच्यासकट, डिशवॉशरमध्ये उभे करून ठेवले.

इथे आमच्या डिशवॉशरविषयी सांगायला हवं. आपल्या बहुतेक घरांतल्यासारखा तोही भांडी धुण्यासाठी नाही. भांडी आम्ही हातानेच घासतो आणि निथळायला त्यात ठेवतो. घर घेतल्यापासून तो एकदाही चालू झालेला नव्हता. त्यात स्टीलचे डबे, पोळ्यांची परात आणि कुकरच्या जास्तीच्या शिट्ट्या राहतात. विमानाच्या चौकटी त्याच्या दातांमध्ये अशा काही चपखल बसल्या, की हे यंत्र याच कामासाठी बनवलंय असं मला वाटलं. मी खूश होऊन ऑफिसला गेले.

दुपारी मीटिंगमध्ये असताना आईंचा फोन आला.

"वैशाली, घाबरू नकोस. स्वयंपाकघरातून फेस येतोय."

"कसला फेस, आई?"

"साबणाचा. हे म्हणतात थांबेल आपोआप. आता तो हॉलमध्ये आलाय."

झालं होतं ते असं. परत जायच्या आधी सुनेला जरा मदत करावी म्हणून बाबांनी डिशवॉशर उघडला. आत भांडी ओळीने उभी दिसली, आणि मधल्या प्लास्टिकच्या चौकटी त्यांना मशीनच्याच जाळ्या वाटल्या. इतकी स्वच्छ मांडणी बघून त्यांची खात्रीच पटली की सूनबाई मशीन भरून चालू करायला विसरली! बरं, हा गृहस्थ आयुष्यभर लढाऊ विमानांची बटणं हाताळलेला, त्याला एका डिशवॉशरची काय मातब्बरी? त्यांनी त्यातल्या त्यात सगळ्यात जोरदार वाटलं ते बटण निवडलं. मशीनचा साबण घरात नव्हताच, म्हणून हाताने भांडी घासायचा पातळ साबण ओतला. परात मोठी होती म्हणून जरा सढळ हाताने ओतला.

मी घरी पोचले तेव्हा बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, वायपरने फेस अंगणाकडे लोटत होते आणि आई सोफ्यावर पाय वर घेऊन, कुठे राहिलाय ते दाखवत होत्या. मला बघून बाबा ओशाळले, पण थोडा अभिमानही होता. म्हणाले, "फेस झाला जरा. पण भांडी बघ कशी लखलखीत निघालीत."

भांडी खरंच लखलखीत होती. मी पाठीने डिशवॉशर झाकून हळूच आत डोकावले. खाली तापणाऱ्या तारेच्या बाजूचे दोन्ही पंख पापडासारखे वळले होते. नाक, ज्याच्या बोथटपणावर मी एक आख्खा परिच्छेद लिहिला होता, ते आता डावीकडे बघत होतं. पायलटच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाला मोतीबिंदू झाला होता.

आणि माझ्यामागे बाबा वायपर घेऊन उभे. स्वतःचं विमान त्यांनी स्वतःच्या हाताने शिजवलंय हे त्यांना मी कसं सांगू? मला रडू येत होतं, आणि ते विमानासाठी नव्हतं. मी त्यांना कोरडी पँट घालायला पाठवलं आणि सगळे भाग टॉवेलमध्ये गुंडाळून उचलले. क्षणभर ओव्हनमध्ये लपवावंसं वाटलं, (आमच्या ओव्हनमध्ये कढया राहतात) पण त्या दिवसापुरता माझा घरातल्या एकाही यंत्रावर विश्वास उरला नव्हता. शेवटी परत त्यांच्याच खोक्यात कोंबले आणि खोकं कपाटात सारलं.

जेवताना मी अत्यंत तज्ज्ञ आवाजात जाहीर केलं, की बाबा, ते किट शेवटी नापास झालं. फारच निकृष्ट निघालं. मी दुसरं शोधते आणि नाशिकला पाठवते. बाबांनी मान खाली घालून वरणभात कालवला आणि म्हणाले, "तू म्हणतेस म्हणजे असेल." मंदार काहीतरी बोलणार होता, त्याला मी टेबलाखालून गप्प केलं.

उरलेले दिवस मी घाईत होते, खरेदी, बॅगांची वजनं, लोणच्याचं पॅकिंग. मी ऑफिसला गेले की घरात काय चालतं याकडे माझं लक्ष नव्हतं. आईंच्या बोटांना काहीतरी चिकट लागलेलं दिसलं, तेही मी लाडवाच्या पाकावर ढकललं.

निघायच्या सकाळी बाबांनी त्यांची केबिन बॅग उघडून मला दाखवली. आत लोकरी मफलरमध्ये नॅट उभं होतं.

जोडलेलं! पूर्ण जोडलेलं. पंख त्यांनी गरम पाण्यात बुडवून हाताने सरळ करायचा प्रयत्न केला होता. एक झाला होता, दुसरा अजून थकल्यासारखा खाली लोंबत होता. नाक अजूनही डावीकडेच. मोठ्या मापाची ती रेझिनची खुर्ची त्यांनी बसवलीच होती, त्यामुळे वरचं झाकण लागत नव्हतं. ते उघडंच चिकटवलं होतं आणि बाबांचं म्हणणं होतं की पायलट चहाला गेलाय. फक्त ते पितळी पट्टे अप्रतिम बसले होते. ते आईंनी बसवले होते, आयुष्यभर मण्यांचं काम केलेल्या हातांनी. सगळ्या विमानात माझ्या कसोटीला उतरलेली तेवढीच एक गोष्ट.

मी विमान फिरवून फिरवून बघत राहिले. मग आईंनीच सांगितलं, की त्या दिवशी मी कपडे बदलायला गेले तेव्हा बाबांनी मशीनची जाळी साफ केली आणि त्यात त्यांना विमानाचं पुढचं चाक सापडलं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत, बाबा?"

"तू ते नापास झालं म्हणून सांगितलंस ना," ते म्हणाले. "माझ्यासाठी एवढं खोटं बोललीस, ते कशाला मोडायचं?"

मी त्यांना वाकून नमस्कार केला आणि उठताना चुकून पंखाला धक्का लावला. तो आणखी थोडा वाकला. बाबा म्हणाले, असू दे, लँडिंग जरा कडक झालं.

नॅट सुखरूप नाशिकला पोचलं. महिन्याच्या बैठकीत बाबांनी ते मधोमध ठेवलं, फोटो त्यांच्या जुन्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि मलाही त्या ग्रुपमध्ये घेतलं. फोटोखाली लिहिलं होतं: 'आमच्या सूनबाईंनी स्वतः बनवलेलं. त्या अमेरिकेत या विषयातल्या तज्ज्ञ आहेत.'

मी खुलासा टाइप करायला घेतला. पण खुलासा करायचा म्हणजे डिशवॉशरची गोष्ट आली, फेस आला, आणि बाबा तर त्या फोटोत विमानाच्या मागे असे काही उभे होते, की जणू नुकतंच ते धावपट्टीवरून त्यांनीच रवाना केलंय. मी टाइप केलेलं पुसलं.

मग एकेका काकांचे अभिप्राय येऊ लागले. पहिल्या काकांनी विचारलं, अपघातानंतरचं दाखवलंय का? दुसऱ्यांनी लिहिलं, नाक चुकलंय, पण पहिला प्रयत्न असावा. तिसरे काका तर थेट मुद्द्यांवर आले. डावा पंख, झाकण, खुर्चीचं माप, असं सगळं क्रमाने लिहून शेवटी म्हणाले, 'पट्टे मात्र सुरेख. चिकाटी ठेवा, जमेल.' मी वाचत होते आणि मला एकही मुद्दा खोडता येत नव्हता. इतकं नेमकं परीक्षण मी स्वतःही कधी लिहिलं नव्हतं. मी उत्तर दिलं, 'धन्यवाद काका, सुधारणा करीन.'

त्याच काकांचा दुसऱ्या दिवशी निरोप आला, की त्यांच्यासाठीही एक नॅट बनवून देता आलं तर बरं होईल, जमल्यास सरळ पंखांचं. घाई नाही म्हणाले, दिवाळीपर्यंत चालेल. मी मोठ्या उत्साहाने हो म्हटलं.

त्या दिवाळीचे दिवे कधीच विझले. किट आलेलं आहे. मूल्यमापन चालू आहे.