खिंडीतली सायकल

एकाच दुकानातल्या, एकाच मापाच्या दोन सायकली. मग चढावर एक हलकी आणि दुसरी जड का लागते, सांगाल?

मैत्रीण शबाना आणि मी रोज खिंड चढून कॉलेजला जातो. ती गुणगुणत वर पोचायची. मी अर्ध्यावर उतरून सायकल ढकलायचे. घरी बाबांचं ठरलेलं वाक्य होतं, "झेपत नसेल तर कॉलेज सोड." हळूहळू मलाही ते पटायला लागलं होतं.

काल शबाना वैतागली. "बाई, आज माझी घे आणि तुझी मला दे." तिच्या सायकलवर मी न उतरता खिंड चढले. मागून ती धापा टाकत आली आणि ओरडली, "अगं, ही सायकल आहे की पाट? गुडघे हनुवटीला लागतात!"

तेव्हा मी माझ्या सीटकडे नीट पाहिलं. ती अगदी तळाशी बसवली होती. पाय जमिनीला टेकावेत म्हणून बाबांनीच पाना फिरवला होता. काळजीच होती ती. पण त्या काळजीत माझा पाय कधी सरळ झालाच नाही, सगळा जोर गुडघ्यातच कोंडून राहिला आणि कमजोर ठरले मी! किती जणींना असं आधी खाली बसवून, मग चढत नाहीत म्हणून हिणवलं असेल?

काल आम्ही सीट चार बोटं वर केली. आज सकाळी ती पुन्हा तळाशी होती. पाना बाबांच्या खिशात आहे.

तुमच्या घरी मुलीची सायकल असेल, तर तिला आज सीटवर बसवा आणि टाच खालच्या पॅडलवर ठेवायला सांगा. गुडघा वाकलेलाच राहिला, तर पाना तिच्या हातात द्या.